संस्थापक काकू थकल्या आहेत. प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या संस्थेचे अध्यक्षपद मी स्वीकारावे का?

प्रश्न : शनिवारची_ताई, मुलुंड

सर्वांना नमस्कार. मी एका विमा कंपनीत नोकरी करते आणि गेली ६ वर्षे दर शनिवारी आमच्या भागातील एका छोट्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी ही संस्था दिवसभराची कार्यशाळा चालवते. सध्या २६ सभासद आहेत; सर्वांत लहान १९ वर्षांचा आहे आणि सर्वांत मोठ्या ताई ५२ वर्षांच्या आहेत. कागदी पिशव्या, फुलवाती, दिवाळीच्या आधी रंगवलेल्या पणत्या आणि उटण्याची पाकिटे असे काम चालते. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली, तेव्हापासून आसपासच्या औषधांच्या दुकानांकडून कागदी पिशव्यांना बारमाही मागणी असते आणि संस्थेच्या उत्पन्नाचा तोच खात्रीचा भाग आहे. दोन विशेष शिक्षिका, एक मदतनीस मावशी आणि हिशेब लिहिणारे एक अर्धवेळ गृहस्थ, एवढाच पगारी कर्मचारीवर्ग आहे.

शब्दांचा एक खुलासा आधीच करते, कारण मागे एकदा परदेशी देणगीदाराला पत्र लिहिताना माझा स्वतःचा गोंधळ झाला होता. ब्रिटनमध्ये ज्याला 'लर्निंग डिसेबिलिटी' म्हणतात, ती आपल्याकडची बौद्धिक अक्षमता होय. आपल्याकडे 'अध्ययन अक्षमता' म्हटले की डिस्लेक्सियासारख्या वाचन-लेखनाच्या अडचणी डोळ्यांसमोर येतात. मी पहिल्या अर्थाविषयी बोलत आहे.

ही संस्था १९९० च्या दशकात ६ पालकांनी मिळून उभी केली. अशा कामाची सुरुवात बहुतेक वेळा पालकांच्याच हातून होते. शिवडीच्या जय वकील शाळेमागे १९४४ साली एका मुलीचे घरच होते आणि ब्रिटनमधील मेनकॅप ही मोठी संस्थाही १९४६ मध्ये ज्युडी फ्रायड या एका आईच्या पुढाकाराने सुरू झाली. आमच्या सहा पालकांपैकी तिघे आता नाहीत, एक मुलाकडे पुण्याला गेले, एक अंथरुणाला खिळलेले आहेत. उरल्या त्या आमच्या काकू. त्या ७७ वर्षांच्या आहेत, त्यांची ४४ वर्षांची मुलगी कार्यशाळेची सभासद आहे, आणि आजही रोज सकाळी साडेनऊला कुलूप त्याच उघडतात.

गेल्या महिन्यात काम संपल्यावर काकूंनी मला थांबवून घेतले आणि म्हणाल्या, "आता मला होत नाही गं. सभेत काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. तू अध्यक्ष हो." शेजारी एक सभासद उटण्याची पाकिटे मोजत बसला होता. त्याच्यासमोर दहा खाचांची लाकडी पाटी असते; प्रत्येक खाचेत एक पाकीट बसले की दहा झाले, असे तो मोजतो आणि दिवसभरात एकदाही चुकत नाही. मी काही बोलण्याच्या आत त्याने पाटीवरून मान वर केली आणि विचारले, "मग सकाळी कुलूप कोण उघडणार?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि तेव्हापासून मला स्वस्थ झोप नाही. माझी नोकरी पूर्णवेळ आहे. मी पालक नाही, माझ्या घरात कोणी दिव्यांग नाही, आणि काही पालकांनी 'बाहेरच्या माणसाच्या हाती संस्था कशी द्यायची' असे बोलूनही दाखवले आहे. त्यांचे चुकते आहे असे मला वाटत नाही. मानधन न घेता अध्यक्ष होणाऱ्या माणसावर कायद्याने नेमकी कोणती जबाबदारी येते, होकार देण्याआधी काय तपासावे, आणि आठवड्यातून एकच दिवस देऊ शकणाऱ्या व्यक्तीने हे पद घ्यावेच का, याविषयी अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद : हिशेबनीस, दादर

ताई, मी बँकेतून निवृत्त झालो आणि गेली ११ वर्षे एका सार्वजनिक न्यासाचा खजिनदार आहे. काकूंचा तुमच्यावर विश्वास आहे ही मोठी गोष्ट आहे, परंतु होकार देण्याआधी कागद मागून घ्या. मागताना संकोच करू नका. जी संस्था होऊ घातलेल्या अध्यक्षाला कागद दाखवत नाही, तिचे अध्यक्षपद घेऊ नये.

पहिला कागद म्हणजे परिशिष्ट १ चा उतारा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या प्रत्येक संस्थेची माहिती धर्मादाय आयुक्तांकडील नोंदवहीत असते, आणि मुंबईतील संस्थांची ती वरळीच्या कार्यालयात मिळते. विश्वस्त कोण आहेत आणि संस्थेची मालमत्ता कोणती आहे, हे त्या उताऱ्यावर लिहिलेले असते. तो उतारा एका हातात आणि मागच्या पाच वर्षांचे इतिवृत्त दुसऱ्या हातात घेऊन नावे ताडून पाहा. विश्वस्त बदलला की कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात तो, दाखल करावा लागतो. छोट्या संस्थांत हेच राहून जाते, कारण निवडणूक झाली, हार घातले, चहा झाला की सर्वांना काम संपल्यासारखे वाटते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या न्यासात मी दोन वर्षे धनादेशांवर सह्या केल्यानंतर बँकेने ताजा उतारा मागितला आणि तेव्हा कळले की नोंदवहीत माझे नावच नव्हते. माझ्या आधीच्या खजिनदारांचेही नव्हते. वारलेल्या दोन विश्वस्तांची नावे मात्र जशीच्या तशी होती. तीन निवडणुकांचे अर्ज एकापाठोपाठ एक, विलंब माफीच्या विनंतीसह दाखल करावे लागले. सभेची सूचना कोणाला कशी पाठवली, हजेरीपटावर कोणाच्या सह्या आहेत, मावळत्या विश्वस्तांचे राजीनामे आणि नव्यांची संमतीपत्रे कुठे आहेत, एवढे सगळे गोळा करताना दीड वर्ष गेले आणि तेवढा काळ आमच्या दोन शिक्षकांचे पगार जुन्या अध्यक्षांच्या थरथरत्या सहीवर निघत होते. तुमच्या काकू ७७ वर्षांच्या आहेत, म्हणून हे सर्वांत आधी सांगितले.

जबाबदारीविषयी विचारलेत. मानधन घेत नाही म्हणून विश्वस्ताची जबाबदारी कमी होत नाही. हिशेब ठेवणे, ते दरवर्षी लेखापरीक्षकाकडून तपासून घेणे, पैसा कायद्याने सांगितलेल्या ठिकाणीच गुंतवणे ही कर्तव्ये तुमच्यावर येतात आणि त्यांत सातत्याने कसूर झाली तर कलम ४१ ड खाली विश्वस्ताला पदावरून दूर करता येते. संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तर कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्थापकांनी अडीनडीला स्वतःच्या खिशातून संस्थेला उसने पैसे दिले असतील, तर तीही नोंद नीट पाहा. पालकांच्या संस्थांत ही उसनवार प्रेमापोटी होते आणि पुढे वारसांच्या काळात तिचे भांडण होते.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील १२ अ (संस्थेला करसवलत) आणि ८० ग (देणगीदाराला वजावट) या नोंदण्या २०२१ पासून कायमच्या राहिलेल्या नाहीत, मुदत संपण्यापूर्वी त्यांचे नूतनीकरण करावे लागते. देणगीदारांचे विवरण मुदतीत भरले नाही तर त्यांना वजावटीचे प्रमाणपत्र वेळेवर देता येत नाही आणि पुढच्या वर्षी देणगीदार फिरकत नाही. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल, तर सीएसआर-१ ही नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ५० नुसार दिव्यांगांसाठी चालणाऱ्या संस्थेकडे नोंदणी प्रमाणपत्र असलेच पाहिजे. हे प्रमाणपत्र चौकटीत लावून भिंतीवर टांगलेले असते, पण त्याच्या खालच्या ओळीतील मुदत कोणी वाचत नाही.

शेवटचा प्रश्न, आणि याचे उत्तर कृपया येथे द्या. कार्यशाळेची जागा कोणाच्या नावावर आहे?

प्रतिसाद : विशेष_शिक्षिका, परळ

मी २२ वर्षे बौद्धिक दिव्यांग प्रौढांबरोबर काम करते आहे आणि या काळात ५ अध्यक्ष पाहिले. वरील प्रतिसादातील प्रत्येक शब्द योग्य आहे; मी दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमचे एक अध्यक्ष अत्यंत सज्जन आणि शिस्तीचे होते. त्यांनी कार्यशाळेची वेळ साडेदहावरून साडेनऊवर आणली, कारण उशिरा सुरू होणारे काम त्यांना आळसाचे वाटे. ठराव एकमताने झाला. आमचे सात सभासद ठाणे आणि कळव्याहून लोकलने येत. साडेदहाची वेळ असताना त्यांना दिव्यांगांच्या डब्यात बसायला मिळत असे. साडेनऊसाठी निघायचे तर ऐन गर्दीत त्याच डब्यात धडधाकट माणसेही घुसलेली असत. पहिल्या आठवड्यात एक सभासद दादरला उतरूच शकला नाही आणि थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचला. तो घाबरला, रडला, आणि पुढे चार महिने एकट्याने प्रवास करायला तयार झाला नाही. हा प्रवास त्याला शिकवायला आम्हाला दोन वर्षे लागली होती. तिकीट कुठे ठेवायचे, कोणत्या स्थानकानंतर उभे राहायचे, दार कोणत्या बाजूला येते, हे मी स्वतः त्याच्या शेजारी बसून रोज गिरवून घेतले होते. ज्यांच्यासाठी वेळ बदलली, त्यांपैकी एकालाही सभेपूर्वी कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर त्याने नक्की सांगितले असते. ते सभासद आपल्या गाडीची वेळ आपल्यापेक्षा चांगली जाणतात.

म्हणून ताई, आठवड्यातला एक दिवस कमी पडेल का याची फार काळजी करू नका. रोज येऊन शिक्षिकांच्या पाठीशी उभा राहून सूचना देणारा अध्यक्ष आम्हाला नको असतो. कोणत्या सभासदाने फुलवाती करायच्या आणि कोणी पिशव्या चिकटवायच्या, हे शिक्षिकांना ठरवू द्या. अध्यक्षाने पगार वेळेवर होतील हे पाहावे, वर्षातून एकदा आमच्याशी स्वतंत्रपणे बसावे आणि सभासदांशी बोलायला शिकावे. हे शेवटचे खरोखरच शिकावे लागते. लहान वाक्ये, एका वेळी एकच प्रश्न, समोर चित्र किंवा वस्तू, आणि उत्तरासाठी थांबण्याची तयारी. आमच्या येथे मासिक सभेपूर्वी सभासदांची वीस मिनिटांची बैठक होते. विषय चित्रांच्या पाट्यांवर मांडतो, प्रत्येकाच्या हातात एक हिरवे आणि एक लाल कार्ड असते. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यांनी सगळ्याला हिरवे कार्ड दाखवले, कारण 'नाही' म्हणण्याची सवय त्यांना कोणी लावलीच नव्हती. चौथ्या महिन्यात एका ताईंनी लाल कार्ड वर केले आणि विचारले, "माझा पगार आईच्या हातात का देता?"

विद्यावेतनाचे पाकीट त्या दिवसापर्यंत आम्ही पालकांना देत होतो. त्या ३६ वर्षांच्या होत्या. त्यानंतर एकेका सभासदाचे बँक खाते उघडण्याचे काम हाती घेतले आणि अजूनही ते पूर्ण झालेले नाही.

तक्रार कोणाकडे करायची, हेही ठरवून ठेवा. आपल्या सभासदांना मारहाण, शिवीगाळ किंवा नको असलेला स्पर्श झाला तर ते सांगू शकतीलच असे नसते, आणि सांगितले तरी मोठी माणसे 'त्याला काय कळते' म्हणून सोडून देतात. २०१६ च्या कायद्याचे कलम ७ याच अत्याचारांविषयी आहे, आणि अशी माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येते. तुमच्याकडे १० पेक्षा कमी कर्मचारी असल्याने लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती बंधनकारक नसली, तरी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिचा पत्ता दाराजवळ लावा.

प्रतिसाद : कोळीवाडा_वर्सोवा

माझे मत थोडे वेगळे आहे. आपण एकदम अध्यक्ष होऊ नये. प्रथम एक वर्ष सहसचिव किंवा खजिनदार म्हणून कार्यकारिणीत यावे, काकूंना अध्यक्ष राहू द्यावे आणि त्यांच्या शेजारी बसून काम समजून घ्यावे. मी मुंबई मॅरेथॉनसाठी आमच्या संस्थेचा निधी गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि त्याच उत्साहात सहा महिन्यांत अध्यक्ष झालो. देणगीदारांशी बोलणे मला जमत होते, परंतु पालकांच्या मनातील भीती मला कळत नव्हती आणि पालकांना माझी भाषा कळत नव्हती. दोन वर्षांत मी राजीनामा दिला आणि ज्यांनी मला आणले त्यांनाच पुन्हा ओझे उचलावे लागले. आपण सहा वर्षे सातत्याने जात आहात, त्यामुळे आपली स्थिती माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे, हे मान्य. तरीही एक वर्ष थांबल्याने काही बिघडणार नाही.

शनिवारची_ताई

सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस काका, तुमचा शेवटचा प्रश्न मी काकूंना विचारला आणि उत्तर ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कार्यशाळेच्या दोन्ही खोल्या काकूंच्या यजमानांच्या नावावर आहेत. त्यांना जाऊन ९ वर्षे झाली. मृत्युपत्र केलेले नव्हते. गृहनिर्माण संस्थेच्या भाग प्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) अजून त्यांचेच नाव आहे, आणि संस्था तेथे भाडे न देता, कोणत्याही कराराविना बसलेली आहे. काकूंना वाटते की त्यांनी बक्षीसपत्र करून खोल्या संस्थेला देऊन टाकल्या की झाले. पुढच्या आठवड्यातच ते करू, असे त्या म्हणत आहेत. उताऱ्यावर विश्वस्तांची पाच नावे आहेत आणि त्यांपैकी तिघे हयात नाहीत.

सभासदांशी बोलण्याविषयी जे लिहिले आहे ते मी दोनदा वाचले. सहा वर्षांत मी त्यांना पुष्कळ गोष्टी शिकवल्या, पण संस्थेत काय बदलावे असे एकदाही विचारले नव्हते. याची मला आता फार खंत वाटते.

प्रतिसाद : चाळिशीच्या_मुलाची_आई, शिवडी

ताई, घाईने बक्षीसपत्र करू देऊ नका. हे मी एक पालक म्हणून सांगते आहे, आणि संस्थेच्या भल्यासाठीच सांगते आहे.

तुमच्या काकूंच्या यजमानांनी मृत्युपत्र केले नसेल आणि त्यांना हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असेल, तर त्या खोल्या एकट्या काकूंच्या नाहीत. पत्नी आणि मुलगी या दोघीही पहिल्या वर्गाच्या वारस आहेत आणि दोघींचा वाटा सारखा आहे. दुसरे अपत्य किंवा यजमानांची आई त्या वेळी हयात असेल, तर त्यांचाही. म्हणजे तुमच्या कार्यशाळेत रोज फुलवाती वळणारी ती ४४ वर्षांची मुलगी त्या कार्यशाळेच्या जागेची सहमालक आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे म्हणून तिचा वाटा नाहीसा होत नाही. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला, त्यानंतर आलेल्या २०१६ च्या कायद्याचे कलम १३ सांगते की दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच मालमत्ता बाळगण्याचा, वारशाने मिळवण्याचा अधिकार आहे. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही अध्यक्ष होण्याआधी नीट समजून घ्या. दिव्यांग व्यक्तीला आधार देणाऱ्या माणसाचे आणि त्या व्यक्तीचे हितसंबंध एखाद्या आर्थिक किंवा मालमत्तेच्या व्यवहारात एकमेकांविरुद्ध जात असतील, तर त्या व्यवहारात त्या माणसाने आधार देण्यापासून दूर राहायचे असते. संस्थेला जागा हवी आहे. मुलीला आपल्या वाट्याचे संरक्षण हवे आहे. अध्यक्ष या नात्याने तुम्ही संस्थेच्या बाजूला बसणार आहात. मुलीच्या बाजूला त्या दिवशी दुसरे कोणी तरी बसले पाहिजे.

आम्ही पालक आयुष्यभर एकच प्रश्न घेऊन जगतो: आमच्या पश्चात काय? माझा मुलगा ४१ वर्षांचा आहे. मी त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज केला होता. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी ही समिती कायदेशीर पालक नेमू शकते. समितीवर जिल्हाधिकारी असतात, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असतो आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. मुलुंडसाठी मुंबई उपनगर जिल्हा, म्हणजे वांद्रे पूर्वेचे कार्यालय. पालक नेमला गेला की त्याला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. म्हणजे पालकत्व हे मालकीहक्क नव्हे. मुलाच्या हिताला बाधा येईल असे दान करण्याची मुभा त्यात नाही. तुमच्या काकू पालक म्हणून नेमल्या गेल्या, तरी मुलीचा वाटा त्या संस्थेला बक्षीस देऊ शकतील असे मला वाटत नाही. यासाठी मालमत्तेचे आणि दिव्यांग कायद्याचे, दोन्हींचे काम करणारा वकील गाठा, आणि तो संस्थेच्या वकिलापेक्षा वेगळा असू द्या.

तोवर मार्ग नाही असे नाही. आधी वारसांची नावे भाग प्रमाणपत्रावर येऊ द्या. मग वारसांनी संस्थेशी रीतसर लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करावा. परवाना शुल्क थोडे का असेना, पण मुलीच्या वाट्याचे शुल्क तिच्या खात्यात जमा व्हावे. असे झाले तर काकूंच्या पश्चातही जागेवर संस्थेचा लेखी आधार राहील आणि मुलीच्या हाती तिचे स्वतःचे उत्पन्न राहील. करार कायमचा नसतो, तो नूतन करावा लागतो, आणि हे काकूंना पटवणे कठीण जाईल. त्यांना सगळे आपल्या डोळ्यांदेखत पक्के व्हायला हवे आहे. त्यांच्यावर रागावू नका. मी स्वतः भांडीकुंडीसुद्धा मुलाच्या नावे लिहून ठेवली आहेत.

पालक नसलेल्या माणसाने अध्यक्ष व्हावे का, असे विचारले आहे. व्हावे. आमच्या संस्थेत सगळे विश्वस्त पालक होते, आणि परिणाम असा झाला की प्रत्येक सभेत आम्ही आपापल्या मुलांविषयी बोलत राहिलो. ज्यांचे आईवडील वारले होते अशा सभासदांचा विषय कोणी काढेना. एक सभासद आठवडाभर आला नाही तेव्हा त्याच्या भावाने त्याला गावी नेऊन ठेवल्याचे आम्हाला मावशींकडून कळले. त्याचा भाऊ कार्यकारिणीत नव्हता आणि त्याच्यासाठी विचारणारे कोणी नव्हते. बाहेरचा माणूस सव्वीसांपैकी कोणा एकाचा नसतो, हीच त्याची पात्रता आहे. पालकांना मात्र हे बोलून दाखवू नका. त्यांच्याकडे जा, घरी जा, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा घ्या.

प्रतिसाद : हिशेबनीस, दादर

आईंनी मूळ दुखण्यावर बोट ठेवले आहे. मी केवळ क्रम सांगतो. पाचपैकी तीन विश्वस्त हयात नसतील, तर आधी नियमावलीतील गणपूर्तीचे, म्हणजे सभेला किमान किती जण हजर हवेत याचे, कलम वाचा. दोघांच्या सभेने गणपूर्ती होत नसेल, तर त्या सभेत केलेली तुमची निवडच उद्या आव्हानास पात्र ठरेल. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल, आणि आपल्याकडे बहुतेक असतेच, तर सर्वसाधारण सभेला सभासदांची अद्ययावत यादी लागेल. येथे 'सभासद' म्हणजे वर्गणीदार सभासद. कार्यशाळेतील सव्वीस जणांची नावे त्या यादीत आहेत का, हेही पाहा. आमच्याकडे कित्येक वर्षे नव्हती. वर्सोव्याच्या गृहस्थांचा एक वर्ष थांबण्याचा सल्ला एरवी मला पटला असता, परंतु येथे काकूंची स्मृती आणि जुना पडलेला उतारा पाहता वर्षभर थांबायला वेळ आहे असे वाटत नाही. काकूंना आज जे आठवते, ते आज लिहून घ्या.

शनिवारची_ताई

काल रविवारी मी काकूंकडे गेले. शिवडीच्या आईंचा प्रतिसाद मी त्यांना शब्दशः वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी आतून कपाटातील एक बिस्किटाचा डबा आणला. त्यात ३० वर्षांच्या पावत्या, वारलेल्या विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले, यजमानांच्या हातचे जागेचे मूळ खरेदीखत आणि मुलीचे लहानपणचे प्रमाणपत्र होते. मुलगी शेजारीच बसली होती. मी तिला खोल्यांचा फोटो दाखवला आणि सांगितले, "ही जागा बाबांची होती. आता आईची आणि तुझीही आहे." तिने फोटो हातात घेतला, खिडकीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "पंखा आवाज करतो." गेल्या वर्षभरात तो पंखा कोणी दुरुस्त केलेला नाही. आज सकाळी मी इलेक्ट्रिशियनला बोलावले आहे.

काकूंनी बक्षीसपत्राचा विचार तूर्त थांबवला आहे. मी अध्यक्षपदाला होकार दिला, तो तीन वर्षांसाठी. परळच्या शिक्षिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे सभेपूर्वी सभासदांची बैठक सुरू करणार आहोत. हिरवी आणि लाल कार्डे सभासदांनीच पुठ्ठ्यांतून कापली. जागेच्या व्यवहारात मुलीच्या वतीने बोलण्यासाठी तिच्या मावसभावाने, जो संस्थेत कोणत्याही पदावर नाही, वेगळा वकील पाहण्याचे मान्य केले आहे. किल्ल्यांच्या दोन प्रती करून घेतल्या. एक मोठ्या शिक्षिकेकडे आहे. दुसरी पाकिटे मोजणाऱ्या आमच्या सभासदाकडे आहे, कारण तो कार्यशाळेच्या मागच्याच चाळीत राहतो आणि सव्वानऊपासून दाराशी उभा असतो.

हिशेबनीस काका, नियमावलीप्रमाणे दोघांची गणपूर्ती होत नाही, असे दिसते. ५ वर्गणीदार सभासद हयात आहेत आणि त्यांचे पत्ते मिळाले आहेत. सर्वसाधारण सभेच्या सूचनेचा मसुदा तुम्हाला पाठवला तर त्यावर नजर टाकाल का?

हिशेबनीस, दादर

जरूर पाठवा. सूचना किती दिवस आधी द्यायची ते नियमावलीत लिहिलेले असेल, त्याहून एकही दिवस कमी करू नका. सूचना नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावत्या त्या बिस्किटाच्या डब्यात न ठेवता फाइलला लावा. मृत्यूचे दाखले सापडले हे फार बरे झाले, तीन बदल अर्जांना तेच लागतील. तुमच्या निवडीच्या अर्जाचे ९० दिवस सभेच्या तारखेपासून मोजले जातील.